बोटांचे घट्टे

गजऱ्याचा पुडा हातात ठेवता ठेवता फुलवाल्या मावशी थबकल्या. माझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं त्यांनी निरखून पाहिली. "घट्टे पडलेत की! शिवणकाम करता का हो ताई?"

"नाही, गिटार शिकतेय," मी पुटपुटले. पन्नाशीत हे सांगताना आवाज आपोआप खाली जातो. त्यातून ती एफ कॉर्ड! सहाही तारा एका बोटानं दाबायच्या, आणि माझ्या हातून निम्म्या मुक्याच राहायच्या. क्लास सोडायचं मी त्याच सकाळी ठरवलं होतं.

मावशींनी आपली तर्जनी पुढे केली. गजरे गुंफून तिथे बारीक खाच पडली होती. "पहिल्यांदा रक्त यायचं. आता दोरा आपसूक बसतो तिथं."

वाटेत मी अंगठ्यानं माझे घट्टे चाचपत राहिले. मी रोज स्वतःवर चिडत होते, तेव्हा ही बोटं मला न विचारता, थरावर थर चढवत शिकतच होती.

घरी आल्यावर गजरा गिटारच्या खुंट्यांना बांधला आणि एफ धरली. पाच तारा बोलल्या. सहावीला म्हटलं, "तू ये सावकाश. मी आहे इथेच."