हलक्या कॅमेऱ्याचा फाइंडर

माझ्या नवऱ्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा मला सगळा राग त्यांच्या कॅमेऱ्याचाच आला. वाशिमजवळच्या मालेगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गळ्यात तो धोंडा अडकवून जन्मभर लग्नांचे फोटो काढले. तोच उचलून उचलून हात गेला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. डॉक्टर म्हणाले, बाई, हा कंपवात आहे, कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. पण मी कसली ऐकते! हलका कॅमेरा घेतला की सगळं ठीक होईल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

स्टुडिओ बंद केल्यावर त्यांना एकच नाद उरला होता, हिवाळ्यात रिठदकडच्या एका तलावावर जाऊन पक्षी टिपायचे. तोही सुटला आणि माणूस खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहायला लागला. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. हे असेच बसल्या बसल्या संपून जातील, अशी मला धास्ती बसली. शेवटी एक दिवस चांगलं कडाक्याचं भांडण केलं आणि त्यांना वाशिमच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने लांबचं जवळ आणणारे, पण वजनाला हलके असे तीन कॅमेरे काचेवर मांडले. मला वाटलं, हे झूम बघतील. त्यांनी आधी डोळा लावायचा फाइंडर तपासायला घेतला. आता त्यातून थेट समोरचं दिसत नाही म्हणे, आत बारीकसा टीव्हीच असतो. उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही, पक्षी शोधायचा तो फाइंडरमधूनच. तो भिकार निघाला तर बाकी कॅमेरा कितीही चांगला असो, फुकट. हे सांगताना कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला. मी मनात म्हटलं, जमलं बाप्पा.

पहिल्याला चष्म्यासकट डोळा लावला तर चारही कोपरे दिसेनात. नापास. दुसरा त्यांनी माझ्या हातात दिला आणि रस्त्यावरच्या मोटारसायकलीमागे झर्रकन फिरवायला लावला. गाडी पुढे गेली तरी आतलं चित्र मागेच रेंगाळत होतं. यात उडता पक्षी सापडायचा नाही, म्हणाले. तिसऱ्यात मात्र आत कडेला उमटणारी अक्षरं रेखीव होती, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरलं तरी चित्रात मुंग्या येत नव्हत्या, आणि कितीही फिरवा, मागे राहत नव्हतं. मी झूम पूर्ण ताणून समोरच्या गच्चीवरचं कबूतर पाहिलं, तर त्याच्या डोळ्याची लाल कडसुद्धा दिसली. हाच घ्या, मी म्हणून टाकलं.

मग त्यांनी तो स्वतःच्या हातात घेतला. त्यांना कबूतर सापडेचना. सापडलं की लगेच निसटायचं. झूम जितका लांब, तितकी हाताची थरथर फाइंडरमध्ये मोठी होऊन दिसते, आणि हलक्या कॅमेऱ्याला तर ती दाबायला अंगचं वजनही नसतं. मीच हलका हवा, हलका हवा म्हणून नाचत होते. दुकानदार म्हणाला, बटण अर्धं दाबून धरा, चित्र स्थिर होईल. त्यांचं बोट अर्ध्यावर थांबेना. फोटो निघत गेले, सगळे रिकाम्या आभाळाचे. मी दुकानदारावरच उखडले, फाइंडर खराब आहे म्हणाले.

“इकडं ये व, खांदा दे,” हे म्हणाले.

मी पाठमोरी उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर कॅमेरा टेकवला. मी श्वाससुद्धा रोखून धरला. आणि ती थरथर माझ्या हाडात उतरली. थांबायचं नाव नाही.

“तू काहून हालून राह्यली?”

मी खांबासारखी उभी होते. “पाय दुखून राह्यले माहे,” मी म्हटलं. “थांबा, आता नाई हालत.”

थोड्या वेळाने खांद्यावरचं वजन गेलं. मी वळले तर ते माझ्या पायांकडे बघत होते.

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी जपून काचेवर ठेवला. “फाइंडर एक नंबर हाय,” दुकानदाराला म्हणाले. “ज्याचा हात धड हाय, त्याले द्या.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांना खिडकीची जागा दिली. मालेगाव येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.