मिठाचा पिवळा

मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकायला जाणार, असं मी घरी सांगितलं. वडील सोलापुरातले रंगारी. सुताच्या लडी रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही त्यांना नायना म्हणायचो. घरात तेलुगू चाले, पण नायना चिडले की मराठीवर येत. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची त्यांची तीच भाषा.

"काय शिकणार तितं?"

"अणूत इलेक्ट्रॉन कसे राहतात ते."

"दिसतात का?"

"नाही."

"मग झालं की! न दिसणाऱ्यासाठी पोरीला पुण्याला धाडू?"

मी हट्टी. आजही आहे. म्हटलं, ते दिसत नसतील, त्यांचा रंग दिसतो. विहिरीला पायऱ्या असतात ना, तसे ते ठरलेल्या पायऱ्यांवरच राहतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहणं नाही. वरून खाली आले की बरोबर तेवढ्याच उतरणीचा उजेड टाकतात. म्हणून ज्योतीत धरलेल्या मिठाचा पिवळा एकच. उजळ होईल, मंद होईल, छटा बदलणार नाही.

छटा बदलणार नाही, हे मी एका रंगाऱ्याला सांगत होते! नायना ताडकन उठले. "तीस वर्सं रंग कालवतोय मी. मधली छटा काढून दावली तर घरात बसायचं. न्हाय निघाली तर जा."

शाळेच्या मास्तरांकडून मी उजेडाचे रंग वेगळे करणारा काचेचा लोलक आणि स्पिरिटचा दिवा मागून आणला. पुठ्ठ्याच्या खोक्याला दाढीच्या दोन पात्यांची बारीक फट केली, लोलक आत बसवला, रंगाच्या खोलीची खिडकी पोत्यानं झाकली. तारेवर मीठ घेऊन ज्योतीत धरलं. नायनांनी डोळा लावला. काळोखात एकच पिवळी रेघ.

मग लागले की कामाला! मीठ कमी केलं, वाढवलं, वात उंचावली. शेवटी रंग पक्का करायचं मोरचूद त्यात मिसळलं. ज्योत हिरवट झाली तसे ओरडले, "निघाली!"

"आतून बघा," मी म्हटलं. आत मोरचुदातल्या तांब्याचे हिरवे पट्टे वेगळे, आणि पिवळी रेघ होती तिथंच.

आईनं जेवायला दोनदा हाक मारली. कुणी हललं नाही. नायना हरलेले मी कधी पाहिलेच नव्हते.

अखेर ते उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. पुण्याचं नावही काढलं नाही. मला असा संताप आला!

पंधरा दिवसांनी त्यांनी घरच्या मागावरचं एक नवं पातळ माझ्यापुढं टाकलं. पिवळंधमक. खोलीत दोरीवर सात-आठ फसलेल्या पिवळ्या लडी लोंबत होत्या.

"पुण्याला नेसायला," नायना म्हणाले. "लई झटलो. त्या रेघेचा रंग जमला न्हाय मला."

अमुक रंग जमला नाही, हे त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पातळ उचललं.

"का जमत न्हाय ते शिकून ये," ते म्हणाले, "आन मला सांग."