दिवस मावळायच्या आत जेवणारा बारवाला

कुपवाडच्या एमआयडीसीत दुसरी पाळी सुटली की निम्मी गर्दी भरतेश मगदूमच्या ‘राज परमिट रूम’कडं वळायची. मी त्यातलाच एक, फाउंड्रीत मोल्डर. अंगात भट्टीची धग आणि खिशात ओव्हरटाइम असला की माणूस सरळ घरी जात नाही. जातो म्हणणारा थापा मारतो. रस्ताभर भुर्जीच्या गाड्या, पानपट्ट्या, आणि शनिवारी भरतेशकडं ऑर्केस्ट्रा. मिरजेहून रिक्षा भरभरून माणसं यायची.

मालक मात्र पक्का जैन. दिवस मावळायच्या आत घरचा डबा खायचा, मग सकाळपर्यंत तोंडात दाणा घालायचा नाही. “शेट, तुमच्या हाटेलात तुमीच जेवत न्हाई, मग आमी कसं जेवायचं?” असं आम्ही छेडायचो. तो हसायचा आणि वेटरला चिकनची प्लेट आमच्यापुढं ठेवायला सांगायचा.

त्याची आई राजमतीकाकू गावी एकटी असायची. कुपवाडात आपलं हार्डवेअरचं दुकान आहे, असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं. मी त्याच गावचा, म्हणून मला तंबी होती, “लाला, आईपुढं तोंड उघडू नगंस.” मी उघडलं नाही. त्याच्या बाटलीला जागलो म्हणा.

मग दिवस फिरले. दोन मोठ्या फाउंड्र्या बंद पडल्या. उरलेल्यांत कंत्राटी पोरं आली. ती पाळी सुटली की कंपनीच्या बसनं खोलीवर जातात आणि मोबाईल बघत झोपतात. भुर्जीच्या गाड्या एकेक करून उठल्या. ऑर्केस्ट्रात गाणारी क्रांती लग्नाच्या वरातीत गायला लागली. शेवटी शेवटी मी आणि भरतेश, दोघंच पंख्याखाली बसून असायचो. गेल्या वर्षी त्यानं शटर ओढलं आणि बायको प्रीतीला घेऊन तो गावी शेती बघायला आला.

यंदा गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. ज्याच्या घरी ते येतील, त्यानं आधी मन, वाचा, काया आणि अन्न शुद्ध असल्याचं तोंडानं म्हणायचं. म्हटलं नाही तर महाराज त्या दिवशी उपाशी माघारी जातात. घराला याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. आपल्या दारी भरतेशनंच उभारायचं, असं काकूंनी ठरवून टाकलं.

माझंही काम सुटून मी गावी परतलो होतो. आदल्या दिवशी तो माझ्याकडं आला. “मी कुठल्या तोंडानं म्हणू रं?”

“आता काय त्याचं? सोडलास की धंदा.”

“सोडला कुठं? गिऱ्हाईक असतं तर आज बी गल्ल्यावर बसलो असतो. लय लाज वाटती गड्या.”



सकाळी मी त्यांच्या अंगणात, गावकऱ्यांच्या घोळक्यात उभा होतो. भरतेश धुतलेलं धोतर नेसून, हातात कलश घेऊन दारात उभा होता. महाराज नेमके तिथंच थांबले. आत नेऊन पाय धुतले, पूजा झाली; उघड्या दारातून आम्हाला सगळं दिसत होतं. भरतेशनं हात जोडले. “मनशुद्धी...” म्हणाला आणि अडकला. पुढचा शब्द सगळ्या गावाला पाठ होता, पण कुणी सुचवला नाही.

“आहार शुद्ध हाय, महाराज,” तो म्हणाला. “आईच्या शेतातला, तिच्या हातचा. मी न्हाई शुद्ध. मी कुपवाडात दारू विकली, मटण विकलं. आईला हार्डवेअर सांगितलं.”

एवढं बोलून तो बाहेर येऊन पायरीवर बसला. प्रीती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आता काकूच पुढं झाल्या. त्यांनी हात जोडले, “मनशुद्धी” म्हटलं, आणि ‘वचनशुद्धी’पाशी त्यांचीही जीभ रेटेना. त्या मागं सरल्या. महाराजांनी क्षणभर वाट पाहिली आणि मोरपिसांची पिंछी उचलून शांतपणे माघारी निघाले. अंगणातल्या एकानंही मान वर केली नाही. माझी तर मातीत गेली होती.

लोक पांगल्यावर काकू पायरीवर लेकाशेजारी येऊन बसल्या.

“मला पैल्याच वर्षी कळलं हुतं,” त्या म्हणाल्या. “तवापास्नं देवळात, बाजारात, पावण्यांत, ज्यानं इचारलं त्याला मी हार्डवेअरच सांगत आले. आज तू चारी शुद्ध्या म्हणून टाकशील, मी बी गप बसंन, आन् आपलं झाकून जाईल, असं धरून चालले हुते मी.”

भरतेश रडायला लागला. “आई, माझ्यापायी महाराज उपाशी गेले.”

“आपल्यापायी,” काकू म्हणाल्या, आणि चुलीवरचं सगळं अन्न गाईसाठी काढायला आत गेल्या.