डार्नेटाच्या गाण्यातला बंगला

न्यूयॉर्कमधल्या आमच्या ब्राँक्स भागातली डार्नेटा शाळेची बस चालवते आणि दोन खोल्यांत राहते. पण उन्हाळ्यात गल्लीच्या जलशाला दिव्याच्या खांबावरून वीज घेऊन स्पीकर लागले, की ती माईक हातात घेते आणि रॅपमधून स्वतःच्या बंगल्याचा थाट सांगते. पुढे अंगण, वर गच्ची, दारात स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या! आमच्यात रीतच आहे, जे मिळवायचं ते मिळाल्यासारखंच गायचं.

यंदा विद्यापीठातल्या एक पाहुण्या बाई आल्या होत्या. गाणं संपताच म्हणाल्या, "सगळी वस्तूंचीच हाव! तुमच्या गरिबीचं दुःख कुठंय यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डार्नेटाने तर माईकही खाली ठेवला नाही, त्यातूनच म्हणाली,

"बाईसाहेब, गरिबी वर्षभर भोगतेच आहे. आता ती तुमच्यासाठी गाऊनही दाखवू? तुमच्यासारख्यांच्या वडलांनी बंगला बांधायचं मनात आणलं, तेव्हा त्यांना कुणी दुःख विचारलं होतं? तुमचं ते ध्येय, आणि आमची तेवढी हाव?"

गल्ली टाळ्यांनी दणाणली. बाई तोंड उघडायच्या आत डार्नेटाने पुन्हा ठेका धरला, आणि गाण्यातल्या बंगल्यावर आणखी एक मजला चढवला.