पिरॅमिडच्या सावलीतला उपास

"मास्तर, माझा आज उपास हाय," तात्या म्हणाले. तेव्हा त्यांच्या तोंडात चकली होती.

पिरॅमिडच्या सावलीत आम्ही चादर अंथरली होती. तात्या धरून बारामती-इंदापूरकडचे अकरा द्राक्ष बागायतदार आणि मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इस्राएलची ठिबकची शेती बघून परतताना इजिप्तची दोन दिवसांची सहल. मी इंदापूरला शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाष्या. घरून आणलेले डबे सगळ्यांनी मधे उघडले होते. याचा चिवडा त्याला, त्याची चकली याला. माझाही डबा फिरला. माझ्या गावाहून, कळसहून निघताना आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू. डबा हातोहात गेला आणि होता तसा परत आला. एकही लाडू कमी झाला नव्हता.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. महारकी सोडली. मी बी.एड. झालो. पण गाव काही विसरलं नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्या दिवशी हॉटेलात याच माणसांनी कोंबडी ओरपली, ती कुणी शिजवली ते कुणी विचारलं नाही. मला खुळ्याला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की हे मागं राहील. यांनी तेही बॅगेत भरून आणलं होतं.

आमचा गाईड, एक म्हातारा इजिप्शियन, शेजारीच बसला होता. त्यानं माझ्या डब्यातला लाडू खाल्ला. दुसरा उचलला. मग डब्याकडं आणि त्यांच्याकडं बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "इतके चांगले लाडू, हे लोक का खात नाहीत?"

तात्यांना खुणेवरून कळलं. "सांगा त्येला मास्तर, आमचा समद्यांचा उपास हाय."

नऊ दिवस त्यांचा शब्द न् शब्द मी इमानानं पोचवला होता. हा नाही पोचवला. मी गाईडला म्हणालो, "माझ्या आईच्या हाताचा यांना विटाळ होतो."

म्हातारा खायचा थांबला. अकरा जणांकडे एकेक करून बघत राहिला.

"काय सांगितलं वो?" तात्यांनी विचारलं.

"उपासच सांगितला, तात्या."

डबा परत आला त्याहून हे वाक्य मला जास्त झोंबलं. परक्या माणसाला परक्या भाषेत खरं सांगितलं. ज्यांना सांगायचं, त्यांच्यापुढं शेपूट घातली. त्यानंतर स्फिंक्स बघितला, पण काय बघितलं ते आठवत नाही. माझी मलाच किळस येत होती.

परत आल्यावर तात्यांच्या गावी, सांगवीत, आमचा सत्कार ठेवला. मांडवात गाव जमलेलं. तात्यांनी माईक माझ्या हातात दिला. "सांगा मास्तर, परदेशात काय काय बघितलं."

मी सांगितलं. लाडू, उपास, चकली. गाईडला काय म्हणालो तेही. शब्दाला शब्द, मराठीत.

तात्या जवळ सरकले. दबक्या आवाजात म्हणाले, "बास करा. तुमाला ह्याच भागात ऱ्हायाचं हाय न्हवं?"

"व्हय तात्या, हितंच," मी माईकवरच म्हणालो. "म्हणून तर बोलतोय."

टाळी एकही पडली नाही. हार तिथंच ठेवून मी उतरलो आणि एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागलो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जो माझ्या आईच्या हातचं खात नाही, त्याच्या पंगतीला मी बसत नाही. लग्न असो, बारसं असो, सत्कार असो. घशाला कोरड पडली तरी त्याच्या दारचं पाणी मी पीत नाही.