लाल दिव्यांच्या मागे

माझी मावशी लॅबची गाडी चालवायची. सात गावांतल्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेट्यांत नीट उभ्या ठेवायच्या आणि रात्री दहाच्या आत शहरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. अकरा वर्षं आणि गाडीला एक ओरखडा नाही. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगताना डॅशबोर्डावर दोन बोटं टेकवायची, जणू गाडीचीच साक्ष काढतेय.

तिची नक्कल करणं अगदी सोपं. हनुवटी जरा वर, आवाज अर्धा नाकातून, आणि दर वाक्याला शेपूट 'कळलं?' काच आतूनसुद्धा पुसायची, नाहीतर समोरचा उजेड फाकतो, कळलं? समोरच्याच्या दिव्यांत बघायचं नाही, डाव्या अंगाची पांढरी पट्टी धरायची, कळलं? तिसरी जांभई आली की गाडी बाजूला घ्यायची आणि पंधरा मिनिटं डोळे मिटायचे, लॅब काही पळून जात नाही. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून मागे मागे जाणाऱ्या ड्रायव्हरांवर तर तिचा भारी राग. त्यांना ती मेंढरं म्हणायची.

लॅबमधून तिला फोन करणारे एक साहेब होते. घरात त्यांचं नाव 'कुठवर'. जन्माची सर्दी असल्यासारखा आवाज, आणि बोलणं एवढंच, की निघालात का, बरं, कुठवर आलात, बरं. मावशी गाडी थांबवल्याशिवाय फोन घ्यायची नाही, त्यामुळे ते कायम नाराज.

तर सुट्टी लागली आणि मावशीने मला विचारलं, येतेस का सोबत. तिने आजवर कुणालाच गाडीत घेतलं नव्हतं. आई म्हणाली जा, तिलाही गप्पांना कुणीतरी हवं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणाले जा जा, निदान दोन तास घर शांत राहील. मला तर मेजवानीच. सात दवाखाने म्हणजे सात कंपाउंडर, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक तर नळ्या देताना असा कुजबुजायचा की जणू त्या चोरीच्या आहेत.

पहिले दोन दिवस आम्ही हसून हसून बेजार झालो. मावशी म्हणायची, ए पोपटा, तो बोर्ड वाच बरं. मी तो स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईच्या आवाजात वाचायचे. मग पुढचा बोर्ड, मग मैलाचा दगड. मला वाटायचं, काय आवडतंय हिला माझं.

तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तिने विचारलं, वळण आलं का गं?

अकरा वर्षांचा रस्ता, आणि वळण आलं का. थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकल हातात धरून चालताना दिसला. मला तो खूप आधीपासून दिसत होता. मावशीचा पाय काही हलला नाही. अगदी शेवटी माणसाने सायकलसकट कडेच्या मातीत उडी मारली. आम्ही पुढे गेलो, आणि बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, काहीतरी होतं का तिथे? मी म्हटलं, नाही. असं का म्हटलं कुणास ठाऊक.

पुढच्या दवाखान्यापाशी इंजिन बंद केल्यावर मी विचारलंच. ती आधी चिडली, मग हळूहळू बोलायला लागली. समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं म्हणे, दुधाची पिशवी काचेवर फुटल्यासारखं. गाडी निघून गेली की परत दिसतं, पण आधी लगेच दिसायचं, आता वेळ लागतो. चष्मेवाल्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. सहा महिने झाले. दिवसा लख्ख दिसतं ना, मग झालं तर, असं तिचं म्हणणं. लॅबला कळलं तर गाडी काढून घेतील आणि तिला खिडकीत बसून पावत्या फाडायला लावतील. ते तिच्याने होणार नाही. काकांना सांगू नकोस, असंही म्हणाली. 'कळलं?' मात्र म्हणाली नाही.

मी कबूल झाले. ही माझी चूक, आणि मी ती कुणावर ढकलत नाही.

चौथ्या दिवशी पेट्या भरून निघायला उशीर झाला. हमरस्त्याला लागलो तर समोरून दिव्यांची नुसती रांग. मावशी स्टिअरिंगवर पुढे वाकली होती, एक डोळा बारीक करून. इतक्यात एक ट्रक आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि मावशीने हुश्श केलं. त्याच्या मागे दोन लाल दिवे ठळक होते. तिने ते धरले. तो हळू झाला की आम्ही हळू, तो जोरात की आम्ही जोरात. मेंढरं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिच्या मानेवरचा घाम बघून मी गिळून टाकलं. मी फक्त म्हटलं, मावशी, जरा अंतर ठेव ना. ती म्हणाली, अंतर ठेवलं तर तो हरवेल.

असे आम्ही अर्धा तास गेलो. ट्रक मध्येच अगदी सावकाश झाला, आम्ही पुढे जावं म्हणून असेल, पण मावशीही सावकाश झाली. मग तो सुसाट सुटला, तशी तीही. मी पुढचा डॅशबोर्ड धरून बसले होते आणि बोर्ड वाचायचं साफ विसरले होते.

एकाएकी गाडी दणके खायला लागली. मी म्हटलं, मावशी, हा रस्ता नाही. ती म्हणाली, दुरुस्ती चालू असेल. धूळ इतकी की लाल दिवेसुद्धा पुसट झाले. ते जागीच थांबले आणि विझले. मावशी कुरकुरली, की हा बाबा भर रस्त्यात काय थांबला. तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला, शिस्तीत, आणि ट्रकला वळसा घालून पुढे निघाली. गाडी चढाला लागली. आमच्या दिव्यांत खडीचा चढ दिसत होता, आणि मग काहीच दिसत नव्हतं.

"मावशी, थांब."

मी ओरडलेही नाही. पण तिचा ब्रेक आजही पहिल्यासारखाच होता. गाडी जागच्या जागी थांबली, मागे पेट्या एकमेकींवर आदळल्या.

मी मोबाइलचा टॉर्च लावून उतरले. तो खडी क्रशर होता, ट्रक उलटे चढवून दगड ओततात तो चढ, आणि टोकाला खाली मशीनचं तोंड. पुढच्या चाकापासून ते किती लांब होतं हे मी आजही कुणी विचारलं तरी सांगत नाही. मी परत गाडीत आले आणि म्हटलं, मागे घे, सरळ मागे, मी सांगते तसं. तिने काही न विचारता घेतली.

खाली आलो तेव्हा वॉचमन काठी घेऊन उभा होता आणि त्याच्या पाठीमागे ट्रकचा ड्रायव्हर, हातात जॅकचा दांडा. चांगला आडदांड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा कापत होता.

"ताई, तुम्ही माझ्या मागे का लागलाय? मी तुमचं काय केलंय?"

तो आम्हाला लुटारू समजला होता. एरवी या प्रसंगाची नक्कल मी चार वेळा तरी करून दाखवली असती. अर्धा तास एक गाडी पाठ सोडत नाही, हळू झालो तरी जात नाही, म्हणून बिचाऱ्याची पाचावर धारण बसली, आणि ओळखीचा वॉचमन असलेल्या ठिकाणी त्याने ट्रक आत घातला. दिवे विझवले, उडी मारून वॉचमनच्या खोलीकडे पळाला.

मावशी उतरली. दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मला रात्रीचं दिसत नाही. तुमचे दिवे दिसत होते, म्हणून आले."

त्याने दांडा खाली ठेवला. मग त्याने टॉर्च घेऊन आमच्या चाकांच्या खुणा कुठवर गेल्यात ते पाहिलं, आणि तिथल्याच दगडावर बसकण मारली.

तेवढ्यात लॅबचा फोन आला. मावशीने साहेबांना तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मग त्यांनी दुसरा ड्रायव्हर पाठवतो, म्हणून सांगितलं. तास-दीड तास लागेल, किल्ली काढा आणि हलू नका.

मावशीने किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

वॉचमनच्या खोलीत एक खाट, एक स्टूल आणि खिळ्याला टांगलेला शर्ट. मी स्टुलावर बसले, किल्ली मांडीखाली. अर्ध्या तासाने मावशी हसून म्हणाली, चल गं, रिकामा झालाय रस्ता, हळूहळू जाऊ. मी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, बर्फ वितळला तर नळ्या फुकट जातील, कुणाच्या तरी आईचं रक्त आहे त्यात. मी उठून पेट्या उघडून पाहिल्या, बर्फ कडक होता, परत येऊन तिथेच बसले. मग तिने हात पुढे केला आणि आवाज चढवला. मी तुझी मावशी आहे का तू माझी, असं विचारलं.

त्या चढावर जेवढी घाबरले नव्हते तेवढी मी तेव्हा घाबरले. लहानपणापासून जिच्या शब्दाबाहेर गेले नाही, तिच्या पुढे केलेल्या हातावर मी काही ठेवत नव्हते. ट्रकवाला दारात उभा होता. तो बाहेर बघत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी स्टुलावरून उठले नाही.

तिचा हात बराच वेळ तसाच होता. मग तिने तो मागे घेतला आणि पदराने माझं नाक पुसलं, जरा जोरातच.

दुसरी गाडी आली तेव्हा सव्वादहा झाले होते. तिचे दिवे आत वळले तशी मावशीने डोळ्यांवर हात धरला. मी उठले, आणि किल्ली त्या ड्रायव्हरच्या हातात नेऊन दिली.