चौकोनी झोताचं भिंग
सोमारी पुंगाटी एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावची. आयटीआय करून ती चंद्रपूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात लागली, तेव्हा तिला लेझर म्हणजे जत्रेतला लाल दिवा एवढंच ठाऊक होतं. आठ वर्षांत तिच्या हातची भिंगं खाणीतल्या यंत्रांची दातेरी चाकं लेझरने तापवून कडक करायच्या कामी जाऊ लागली.

लेझरचा झोत मधोमध प्रखर आणि कडेला मंद असतो. तसाच पोलादावर सोडला तर मध्ये जळतं, कडेला कच्चं राहतं. म्हणून भिंगाचा उंचवटा असा घडवायचा की झोत सगळीकडे सारखा पसरून चौकोनी पडावा. आकडे इंजिनिअर राजदीप काढायचा. यंत्रातून उतरलेलं भिंग शेवटी सोमारीकडे यायचं. काळ्या कागदावर झोताचा डाग पाडायचा, कुठला कोपरा फिका आहे ते बघायचं आणि ओल्या पावडरीने तेवढीच जागा हलकेच घासायची. कधी एका भिंगाला तीन आठवडे लागायचे. "तुह्या बोटाले कसं समजते?" राजदीप विचारायचा. ती नुसती हसायची.

एका सोमवारी नवं भिंग बघायला बाहेरचे सहा पाहुणे आले. संरक्षक चष्मे आठच होते. मालक गुणवंतराव, राजदीप आणि पाहुणे मिळून तेही आठच.

"सोमारी, तुझा चष्मा साहेबाले दे," मालक म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

तिने दिला. कागदावर झोताचा चौकोन जरा तिरपा पडत होता. भिंगाचा स्क्रू फिरवायला राजदीपने तिला पुढे बोलावलं.

"सर, बंद केलं ना?"

"केलं, केलं."

केलं नव्हतं. तो झोत डोळ्यांना दिसत नाही. भिंगावरून उलटलेला अंश तिच्या उजव्या डोळ्यात गेला. दुखलं नाही, आत फक्त चट असा आवाज झाला. मग जिकडे बघावं तिकडे मधोमध काळा ठिपका. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा जळलाय, आता हे असंच राहील.

आठवड्याने मालकांनी एक कागद पुढे केला. कामगाराने परवानगीशिवाय, चष्मा न घालता यंत्राजवळ जाऊन इजा करून घेतली, असं त्यात होतं.

"सही कर. पॅकिंगमधी ठेवतो तुले."

"हे खोटं आहे. मी सही करत नाई."

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. तिने चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात तक्रार केली. दोन वर्षं ती एटापल्लीहून एसटीने तारखांना येत राहिली. शेवटी राजदीपची साक्ष झाली.

"चष्मा कोणी काढाले लावला, ते मी पाह्यलं नाई," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं. "सर, तुमी बाजूलेच उभे होते."

"मले घरदार आहे, सोमारी."

"मले नाई का?"

तो खाली उतरून गेला. पुराव्याअभावी तक्रार निकाली निघाली.

आता ती गावात राहते, धान लावते, मोहफुलं वेचते. वाकून काम करताना उजवा डोळा मिटून घेते.

गेल्या उन्हाळ्यात राजदीपचा फोन आला. तो पुण्याच्या एका कंपनीत लागला होता. तिथे भिंगाचा एक कोपरा काही केल्या जमत नव्हता. "तू कशी घासत होतीस?"

फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं. पण तिने सांगितलं. पावडर किती पातळ, बोट कुठून कुठे न्यायचं, दाब कधी सोडायचा, सगळं. अर्धा तास. बोलताना तिचा हात मांडीवर आपोआप गोल फिरत होता.

"लय उपकार झाले," राजदीप म्हणाला. डोळ्याचं त्याने विचारलं नाही.

फोन बंद झाला, आणि आपण का सांगितलं म्हणून ती कितीतरी वेळ स्वतःलाच शिव्या देत बसली.